जन्माआधीच्या जनुक संपादनाचा प्रस्ताव कसा तपासावा: नीती, कायदा आणि कागदपत्रे

घरात आनुवंशिक आजार असलेल्या जोडप्याला हल्ली कोणीतरी सांगतेच, की क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापणाऱ्या रेण्वीय कात्रीने) भ्रूणातला दोष भ्रूणातच दुरुस्त करता येतो, फक्त योग्य ठिकाण शोधायला हवे. एक मूल गमावलेल्या आईबापांना अशा बोलण्याचा मोठा आधार वाटतो. म्हणूनच या प्रस्तावाची तपासणी थंड डोक्याने आणि ठरावीक क्रमाने करावी लागते. हे मार्गदर्शन अशा जोडप्यांसाठी आहे. त्यांना सल्ला देणारे डॉक्टर, वकील आणि नीतिसमितीवर नव्याने आलेले सदस्य यांनाही ते वापरता येईल.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. बदललेला भ्रूण गर्भाशयात सोडून मूल जन्माला घालणे ही मान्यताप्राप्त वैद्यकीय सेवा म्हणून आज जगात कुठेच मिळत नाही. आणि ज्या जोडप्यांपुढे ती ठेवली जाते, त्यांतल्या बहुतेकांना तिची गरजच नसते. कायद्याची चर्चा खूप होते, पण ही दुसरी बाब कोणी गणित मांडून दाखवत नाही. ते गणित पुढे दिले आहे.

बदल नेमका कोणत्या पेशीत होणार?

पहिला प्रश्न हाच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात, आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

भ्रूणनिवडीत, म्हणजे पीजीटीमध्ये, कोणतेही जनुक बदलत नाही. आयव्हीएफने (शरीराबाहेरच्या फलनाने) तयार झालेल्या भ्रूणांची तपासणी होते आणि आजार नसलेला भ्रूण निवडला जातो. बऱ्याच देशांत हे नियमांच्या चौकटीत कायदेशीर आहे.

मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या घटकांच्या) दानात आईच्या बीजांडातले केंद्रक दात्या स्त्रीच्या बीजांडात ठेवतात. मायटोकॉन्ड्रियात फक्त ३७ जनुके असतात. केंद्रकातल्या सुमारे २०,००० जनुकांना हात लागत नाही. ब्रिटनने २०१५ मध्ये यासाठी नियम केले, आणि या पद्धतीने जन्मलेल्या ८ बाळांचा अहवाल न्यूकॅसलच्या गटाने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये तसा कायदा केला.

प्रयोगशाळेतल्या संशोधनात भ्रूणाचे जनुक बदलतात, पण तो भ्रूण गर्भाशयात सोडत नाहीत. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक संस्थेला १ फेब्रुवारी २०१६ रोजी असा परवाना मिळाला. बदललेला भ्रूण ७ दिवसांपुढे न वाढवता ते संशोधन करायचे होते. कायद्याची मर्यादा त्याहून सैल, १४ दिवसांची आहे.

आईच्या पोटात वाढणाऱ्या गर्भावर उपचार करणे हा प्रकार निराळा. इथे बदल यकृत, रक्त किंवा मज्जासंस्थेच्या पेशींत करायचा असतो आणि तो पुढच्या पिढीत जाऊ नये अशी रचना असते. माणसाच्या गर्भावरचे जनुक संपादन अजून उपचार म्हणून उपलब्ध नाही. प्राण्यांवर प्रयोग झाले आहेत.

उरतो तो खरा वादाचा विषय: फलित बीजांडात, बीजांडात किंवा शुक्राणूत बदल करून गर्भधारणा घडवणे. हा बदल मुलाच्या प्रत्येक पेशीत जाऊ शकतो आणि त्याच्या मुलांनाही मिळू शकतो. पुढे "वारसा बदलणारे संपादन" म्हणू ते यालाच.

या यादीत जन्मानंतरचा उपचार येत नाही, तरी तो लक्षात ठेवाच. सिकलसेल आजारासाठी क्रिस्परवर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशी बाहेर काढून, संपादित करून परत देतात. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातून सीपीएस१ या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेवरचा अहवाल आला. एका बाळाच्या नेमक्या दोषासाठी काही महिन्यांत संपादक (जनुक बदलणारे साधन) तयार करून तो जन्मानंतर दिला गेला. "आत्ता भ्रूणात केले नाही तर कधीच होणार नाही" असे सांगणाऱ्याला या दोन्ही गोष्टी माहीत असायला हव्यात.

आजाराचे गणित मांडा

आता कागद-पेन घ्या. जनुकीय समुपदेशकासोबत तीन ओळी लिहून काढा: आजाराच्या जनुकाचे नाव, त्यातला नेमका दोष, आणि आईकडे व वडिलांकडे त्याच्या दोषी प्रती किती. दोष नेमका माहीत नसेल तर संपादन सोडाच, भ्रूणनिवडही करता येत नाही. अशा वेळी आजारी नातेवाइकाची आणि आईवडिलांची जनुकीय तपासणी आधी पूर्ण करावी.

दोघेही अप्रभावी आजाराचे (दोन्ही प्रती दोषी असतील तरच होणाऱ्या) वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे एक दोषी प्रत असेल, तर प्रत्येक भ्रूणाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ५० टक्के भ्रूण वाहक आणि २५ टक्के पूर्ण निर्दोष. म्हणजे तपासता येण्याजोगे ८ भ्रूण मिळाले, तर सरासरीने ६ आजारमुक्त निघतील. दोनच भ्रूण मिळाले तरी दोन्ही आजारी असण्याची शक्यता १६ पैकी १, म्हणजे ६.२५ टक्के. एका पालकाकडे प्रभावी आजाराची (एकाच दोषी प्रतीने होणाऱ्या) एक प्रत असेल, तर प्रत्येक भ्रूणाला ५० टक्के धोका. तीन भ्रूणांपैकी तिन्ही आजारी असण्याची शक्यता १२.५ टक्के.

भ्रूणनिवड मुळातच निरुपयोगी ठरते अशा परिस्थिती दोन. दोन्ही पालकांना एकच अप्रभावी आजार आहे आणि दोघांच्याही दोन्ही प्रती दोषी आहेत, किंवा एका पालकाकडे प्रभावी आजाराच्या दोन्ही प्रती दोषी आहेत. अशी जोडपी फार थोडी. त्यांच्यापुढेही दात्याचे बीजांड किंवा शुक्राणू आणि दत्तक हे मार्ग असतात. ते नकोसे वाटू शकतात आणि त्या भावनेचा मान ठेवावा. पण हे मार्ग आहेत ही माहिती संमतीपत्रात असलीच पाहिजे.

यातला एक मुद्दा तज्ज्ञ मंडळीही विसरतात. संपादन शक्य तितके लवकर, फलित बीजांड एकाच पेशीचे असताना करावे लागते. त्या क्षणी कोणता भ्रूण आजारी आहे हे कळत नाही, कारण तपासणीसाठी पेशी काढायच्या त्या पाचव्या-सहाव्या दिवशी. म्हणजे वाहक जोडप्याच्या बाबतीत ज्यांना काहीच गरज नाही अशा ७५ टक्के भ्रूणांवरही कात्री चालवावी लागेल, आणि शेवटी निवड करण्यासाठी तीच भ्रूणतपासणी लागेल. थेट निवडीने जे मिळाले असते, ते जादा धोका पत्करून मिळवल्यासारखे झाले. वाहक जोडप्याला भ्रूणनिवडीआधी संपादन सुचवणारा माणूस हे गणित जाणत नाही किंवा सांगत नाही. दोन्ही स्थितींत तिथून उठून यावे.

मधुमेह, उंची, बुद्धी असल्या गोष्टींवर असंख्य जनुकांचा आणि परिस्थितीचा मिळून परिणाम होतो. त्यांत "दुरुस्त" करण्याजोगी एक जागा नसते. असा प्रस्ताव आला तर पुढची तपासणी करण्याचीही गरज नाही.

भ्रूणात काय बिघडते आणि तपासणीत ते का सुटते

नीतीच्या चर्चेत धोक्याबद्दल ढोबळ बोलले जाते. पण कशात काय बिघडते हे कळल्याशिवाय संमती खरी होत नाही. चुका चार प्रकारच्या असतात.

पहिली चूक: कात्री भलत्याच जागी चालणे. क्रिस्परला दिशा देणारा आरएनए जवळपास सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या क्रमावरही बसू शकतो.

दुसरी चूक: योग्य जागी चुकीची दुरुस्ती. कापलेला डीएनए पेशी घाईने जोडते, त्यात काही अक्षरे गळतात किंवा वाढतात. सोबत दिलेल्या साच्याप्रमाणे दुरुस्ती होणे ही त्या मानाने विरळ गोष्ट. एप्रिल २०१५ मध्ये चीनच्या सुन यत-सेन विद्यापीठातला पहिला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात जन्माला येऊच न शकणारे ८६ भ्रूण वापरले होते. ७१ टिकले, ५४ तपासले, २८ मध्ये कात्री चालली आणि हवी तशी दुरुस्ती फक्त ४ मध्ये दिसली. तंत्र तेव्हापासून सुधारले आहे, पण दुरुस्ती शेवटी पेशीच्याच हातात असते.

तिसरी चूक: मिश्र भ्रूण. पेशी विभागल्यानंतरही संपादक काम करत राहिला, तर काही पेशींत बदल होतो, काहींत होत नाही, काहींत वेगळाच होतो. हृदयात कोणती पेशी गेली आणि मेंदूत कोणती, हे कोणालाही सांगता येत नाही.

चौथी चूक सर्वांत फसवी. कात्रीने दोन्ही धागे तोडल्यावर गुणसूत्राचा मोठा तुकडा किंवा अख्खे गुणसूत्रच गळू शकते. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये ईवायएस या जनुकावर काम करताना सहावे गुणसूत्र असे हरवल्याचे दाखवले. असा भ्रूण साध्या तपासणीत दुरुस्त झालेला दिसतो. वडिलांकडून आलेली दोषी प्रतच नाहीशी झाली, म्हणून तपासणीला फक्त आईची चांगली प्रत सापडते! अहवालावर "दोष आढळला नाही" असे छापून येते आणि मुलाचे अर्धे गुणसूत्र गायब असते. म्हणून अहवाल हातात आला की विचारावे: दोन्ही पालकांच्या प्रती वेगवेगळ्या ओळखल्या का? गुणसूत्रांची संख्या आणि मोठे तुकडे तपासले का? बेस एडिटिंग (२०१६) आणि प्राइम एडिटिंग (२०१९) या पद्धती दोन्ही धागे एकदम तोडत नाहीत, त्यामुळे चौथा धोका कमी होतो. शेजारची अक्षरे बदलणे आणि मिश्र भ्रूण हे प्रश्न मात्र उरतातच.

तपासणीलाच एक मर्यादा आहे. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातून ५ ते १० पेशी काढतात. हा थर पुढे वार (प्लासेंटा) होतो. बाळ ज्या आतल्या पेशींतून घडते त्यांना हात लावत नाहीत. इतक्या थोड्या डीएनएच्या प्रती वाढवताना एखादी प्रत वाढतच नाही, असेही होते. प्रत्येक पेशी तपासायची तर भ्रूण नष्ट करावा लागेल. "आम्ही भ्रूण शंभर टक्के तपासला आणि मग सोडला" हे वाक्य म्हणूनच खोटे असते.

कायदा वाचण्याचा क्रम

"आमच्याकडे यावर बंदी नाही" एवढे ऐकून थांबू नका. पुढील प्रश्न याच क्रमाने विचारा.

हा नियम कोणत्या जातीचा आहे: फौजदारी कायदा, परवाना पद्धत, निधीवरची अट, आंतरराष्ट्रीय करार की मार्गदर्शक तत्त्वे? प्रत्येकाचा दात वेगळा.

फौजदारी कायद्याची उदाहरणे सरळ आहेत. जर्मनीच्या १९९० च्या भ्रूण संरक्षण कायद्यात जननपेशींचा वारसा कृत्रिमरीत्या बदलण्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. कॅनडाच्या २००४ च्या कायद्यात १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाख कॅनेडियन डॉलरपर्यंत दंड. ऑस्ट्रेलियाच्या २००२ च्या कायद्यात १५ वर्षांपर्यंत कैद. चीनने दंडसंहितेत दुरुस्ती करून १ मार्च २०२१ पासून संपादित भ्रूण गर्भाशयात सोडणे गुन्हा ठरवले, त्याला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

ब्रिटनची पद्धत परवान्याची. १९९० च्या कायद्यानुसार भ्रूणाबाबतचे प्रत्येक काम नियामक संस्थेच्या परवान्यानेच होते, आणि गर्भाशयात फक्त "अनुमत" भ्रूण सोडता येतो. केंद्रकातला वा मायटोकॉन्ड्रियातला डीएनए बदललेला भ्रूण अनुमत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या दानाला २०१५ च्या नियमांनी तेवढी वेगळी वाट दिली आहे. संशोधनाला मुभा आणि गर्भधारणेला मनाई, असा हा स्पष्ट विभाग आहे. वाचायला सर्वांत सोपा कायदा हाच.

अमेरिकेत तसे काही नाही. तिथे डिसेंबर २०१५ पासून अर्थसंकल्पाच्या कायद्यात एक अट घातली जाते: वारसा बदललेल्या भ्रूणाच्या चाचणीचा अर्ज औषध प्रशासनाने विचारातच घ्यायचा नाही. ही अट दर वर्षी नव्याने मंजूर करावी लागते. २०१९ मध्ये एका उपसमितीने ती वगळली होती, पण नंतर परत घातली गेली. मायटोकॉन्ड्रियाचे दानही याच अटीमुळे तिथे अडते. खाजगी पैशातून प्रयोगशाळेतले संशोधन मात्र अनेक राज्यांत चालते. अमेरिकी कंपनी "आमचे काम कायदेशीर आहे" म्हणते तेव्हा ते संशोधनापुरते खरे असू शकते. तुमच्या गर्भधारणेला ते लागू होत नाही.

युरोपातला १९९७ चा ओव्हिएदो करार पुढच्या पिढीचा जनुकसंच बदलण्याचा उद्देश असलेल्या हस्तक्षेपाला कलम १३ मध्ये मनाई करतो. पण करार बांधतो तो फक्त मान्यता देणाऱ्या देशांना. ब्रिटन आणि जर्मनी त्यात नाहीत. युरोपीय संघाच्या २०१४ च्या चाचणी नियमावलीत जननपेशींचा वारसा बदलणाऱ्या चाचण्यांना वेगळी मनाई आहे.

भारतात स्टेम सेल संशोधनाची २०१७ ची आणि जनुकीय उपचारांची २०१९ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे वारसा बदलणाऱ्या संपादनास मनाई करतात. भ्रूणतपासणी फक्त ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी करता येते, हे २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यात आहे. लिंगनिवडीवर १९९४ च्या कायद्याने स्वतंत्र फौजदारी बंदी आहे.

मार्गदर्शक तत्त्वांना कैदेची तरतूद नसते, म्हणून ती हलक्यात घेणाऱ्यांसाठी चीनमधल्या शेनझेनचा खटला पुरेसा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये हे च्यानख्वे (He Jiankui) नावाच्या संशोधकाने संपादित भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. तेव्हा चीनमध्ये २००३ चे नियम होते, पण संपादनाचा नेमका गुन्हा दंडसंहितेत नव्हता. तरीही ३० डिसेंबर २०१९ रोजी न्यायालयाने त्याला बेकायदा वैद्यकीय व्यवसायाखाली ३ वर्षे कैद आणि ३० लाख युआन दंड ठोठावला, दोन सहकाऱ्यांनाही शिक्षा झाली. नीतिसमितीची बनावट कागदपत्रे हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. बंदी लिहिलेली नसली तरी परवाना, फसवणूक आणि वैद्यकीय व्यवसाय यांचे कायदे असतातच.

पुढचे प्रश्न भराभर: शिक्षा फक्त डॉक्टरला की जोडप्यालाही? नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्याला कायदा लागू होतो का? "भ्रूण" या शब्दाच्या व्याख्येत बीजांड आणि शुक्राणू येतात का? बदललेला भ्रूण देशात आणता येतो का? या चार उत्तरांसाठी त्या देशातल्या वकिलाचे सहीचे मत घ्यावे. दवाखान्याने दिलेले पत्रक मत म्हणून चालत नाही. दोन देशांचा संबंध असेल तर मतेही दोन लागतील.

नीतीचे प्रश्न, आणि त्यांतले जड कोणते

सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकी अकादमी आणि ब्रिटनची रॉयल सोसायटी यांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने एक उंबरठा आखला. अनिष्ट बदल न होता अचूक बदल होतो हे सिद्ध होईपर्यंत कोणतीही गर्भधारणा नको. त्यानंतरही सुरुवात फक्त एकाच जनुकामुळे होणाऱ्या गंभीर आजारांपासून, आणि ज्यांना निरोगी जैविक मूल होण्याचा दुसरा मार्ग नाही किंवा अगदीच क्षीण आहे त्यांच्यासाठी. ब्रिटनच्या नफील्ड परिषदेने २०१८ मध्ये दोन कसोट्या दिल्या होत्या: होणाऱ्या व्यक्तीचे हित, आणि समाजात विषमता व फूट वाढणार नाही याची खात्री. मार्च २०२३ च्या लंडन परिषदेने वारसा बदलणारे संपादन सध्या अस्वीकार्य असल्याचे म्हटले. मे २०२५ मध्ये पेशी व जनुकीय उपचार क्षेत्रातल्या संघटनांनी १० वर्षांच्या स्थगितीची मागणी केली.

समितीत बसणाऱ्याने हे उंबरठे पाठ करण्यापेक्षा दोन प्रकरणांवर घासून पाहावेत.

शेनझेनमध्ये वडील एचआयव्हीबाधित होते, आई नव्हती. बाळाला लागण टाळण्यासाठी शुक्राणू धुण्याची सिद्ध पद्धत उपलब्ध होती. तरी निरोगी भ्रूणांतले सीसीआर५ हे जनुक (ज्याच्या साहाय्याने एचआयव्ही पेशीत शिरतो) बिघडवण्यात आले, म्हणजे आजार नसताना हस्तक्षेप. माणसांत नैसर्गिकरीत्या आढळणारा ३२ अक्षरांचा ज्ञात लोपही हुबेहूब साधला नाही. एका मुलीत एक प्रत न बदललेलीच राहिली, म्हणजे संरक्षणाचा दावाही पडला. शिवाय सीसीआर५ नसलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा त्रास अधिक गंभीर होऊ शकतो. इथे गरज, अचूकता आणि फायदा ही तिन्ही अंगे रिकामी आहेत. (सीसीआर५ नसलेले लोक लवकर मरतात असा २०१९ चा एक शोधनिबंध अजूनही सांगितला जातो. तो त्याच वर्षी मागे घेतला गेला. समितीच्या टिपणात तो येऊ देऊ नका.)

दुसरे प्रकरण अवघड आहे. २०१९ मध्ये मॉस्कोतल्या डेनिस रेब्रिकॉव्ह या संशोधकाने जीजेबी२ जनुकामुळे बहिऱ्या असलेल्या जोडप्यांसाठी संपादनाचा विचार मांडला. दोन्ही पालकांच्या दोन्ही प्रती दोषी, त्यामुळे भ्रूणनिवड कामाची नाही. म्हणजे "दुसरा मार्ग नाही" ही अट पूर्ण होते. पण बहिरेपणाने जीव जात नाही, कॉक्लियर इम्प्लांट आहे, सांकेतिक भाषेत समृद्ध आयुष्य जगणारा समाज आहे. जीवघेणा धोका नसलेल्या स्थितीसाठी मुलाला अनोळखी धोक्यात घालायचे का? आमच्या मते, आजच्या अचूकतेवर नाही. त्याच वर्षी रशियाच्या आरोग्य मंत्रालयानेही असा वापर अकाली ठरवला. बहिऱ्या व्यक्तींना न विचारता "गंभीर" शब्दाची व्याख्या करणारी समिती अपुरी असते, हेही या प्रकरणात कळते. ज्या आजाराबद्दल निर्णय आहे, तो आजार जगणारी किमान एक व्यक्ती समितीत मताधिकारासह असावी.

"मुलाची संमती नाही" हा आक्षेप सर्रास घेतला जातो. तो एकटा पुरेसा नाही, कारण मुलासाठीचे सगळेच निर्णय आईबाप घेतात, लसीपासून शस्त्रक्रियेपर्यंत. जड भाग दुसरा आहे: हा निर्णय मूल मोठे होऊन मागे घेऊ शकत नाही, आणि तो त्याच्या मुलांनाही बांधतो. शिवाय संपादनाने कोणा आजारी माणसाला बरे केले जात नाही. एक विशिष्ट मूल जन्माला आणायचे की नाही, एवढाच निर्णय असतो. म्हणून रुग्णाच्या उपचारात जेवढा धोका चालून जातो, तेवढा इथे चालत नाही.

संमतीपत्र हातात आल्यावर

शीर्षक वाचा. शेनझेनच्या संमतीपत्रात प्रकल्पाला एड्सच्या लशीचा विकास म्हटले होते. जनुक बदलणार आहे हे पहिल्याच वाक्यात साध्या भाषेत नसेल तर कागद परत द्या.

पर्यायांचा परिच्छेद शोधा: भ्रूणनिवड, दान, दत्तक, गर्भजल तपासणी, जन्मानंतरचा उपचार. त्यानंतर पैशाचा. बाहेर पडल्यास खर्च परत करावा लागेल अशी अट असेल तर ती संमती मोकळी नाही. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या क्षणापर्यंत नाही म्हणण्याचा हक्क विनामूल्य असला पाहिजे.

चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत कोणत्या तारखेला झाली ते स्वतः पाहा. शेनझेनची नोंद ८ नोव्हेंबर २०१८ ची होती, तेव्हा गर्भधारणा होऊन महिने उलटले होते. नीतिसमितीच्या मंजुरीवर नुसती सही पुरत नाही. त्या संस्थेला थेट फोन करून मंजुरी क्रमांक पडताळा. आणि जो डॉक्टर संपादन करतो किंवा त्यातून कमावतो, त्याच्याच तोंडून समुपदेशन घेऊ नका.

पोटातल्या गर्भावरच्या उपचाराचा प्रस्ताव असेल तर

इथे रुग्ण दोन असतात, आणि त्यांतली आई निरोगी असते. सुई, संसर्ग, अकाली प्रसूती आणि औषधाची प्रतिक्रिया हा धोका तिच्या शरीराला. म्हणून अंतिम होकार किंवा नकार तिचा. वडिलांची सही मागितली तरी ती तिच्या नकारावर मात करू शकत नाही. गर्भाला औषध देणे ही कल्पना आता स्वप्नातली राहिलेली नाही. २०२२ मध्ये पॉम्पे आजार असलेल्या गर्भाला नाळेतल्या रक्तवाहिनीतून विकर दिल्याचा अहवाल आला, पण त्यात जनुक बदलले नव्हते. जनुक बदलणाऱ्या प्रस्तावात तीन गोष्टी विचाराव्यात: संपादक गर्भाच्या जननपेशींत पोहोचत नाही याचा पुरावा कोणत्या प्राण्यात, किती वेळ पाहून मिळवला; आईच्या पेशींत तो जातो का; आणि जन्मानंतर लगेच दिला तर किती नुकसान वाढेल. तिसऱ्याचे उत्तर "फारसे नाही" असेल, तर थांबून जन्मानंतरच उपचार घ्यावा.

भ्रूण आधीच बदलला गेला असेल तर

अशी जोडपी घाबरून लपतात आणि त्यात वेळ जातो. भ्रूण गोठवलेला असेल तर तो तसाच ठेवण्याची लेखी सूचना दवाखान्याला द्या. मूळ माहिती, वापरलेला आरएनए क्रम, संपादकाचा प्रकार आणि तपासणीचा कच्चा डेटा मागून घ्या. भ्रूण दुसऱ्या देशात हलवण्याआधी वकिलाला विचारा, कारण अनेक ठिकाणी डॉक्टर तो गर्भाशयात सोडू शकणार नाही.

गर्भधारणा झाली असेल तर पहिला फोन गर्भारपणाची काळजी घेणाऱ्या डॉक्टरला, आणि खरी हकिकत सांगून. ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या पेशींची किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलाची तपासणी करता येते. त्यात गुणसूत्रांचे मोठे लोप दिसू शकतात. वारेचा नमुना बाळाच्या पेशींचे पूर्ण चित्र देत नाही, म्हणून मिश्र भ्रूणाची शंका असेल तर गर्भजल बरे. निर्णय जोडप्याचा, त्यातही आईचा.

जन्मलेल्या मुलाचे हक्क इतर मुलांसारखेच असतात. युनेस्कोच्या १९९७ च्या जनुकसंचविषयक जाहीरनाम्याचे दुसरे कलम सांगते की जनुके कशीही असली तरी प्रतिष्ठा आणि हक्क यांचा मान राखलाच पाहिजे. व्यवहारात त्याचा अर्थ असा: मुलाची ओळख गुप्त ठेवा, जन्मनोंदणीत संपादनाचा उल्लेख येऊ देऊ नका, आणि वैद्यकीय नोंदी एकाच विश्वासू बालरोगतज्ज्ञाकडे बंदिस्त ठेवा. शरीरपेशींच्या जनुक संपादनानंतर रुग्णावर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे अशी अमेरिकी औषध प्रशासनाची शिफारस आहे. या मुलांच्या बाबतीत तेवढा काळ किमान समजावा. पण मुलाच्या प्रकृतीला उपयोग नसलेली, केवळ संशोधनासाठी रक्त काढणारी तपासणी पालकांनी नाकारावी. पाठपुराव्याचा करार आईवडिलांनी केला असला तरी सज्ञान झाल्यावर मुलाला तो पुढे चालू ठेवायला भाग पाडता येत नाही, हे करारातच लिहून घ्यावे. मुलाला हे कधी आणि कसे सांगायचे याचे नियोजन समुपदेशकासोबत शाळेच्या वयाआधी सुरू करावे. पुढे स्वतःचे मूल हवे झाल्यावर त्याला आपल्या पेशींतला बदल नेमका माहीत लागेल, आणि तेव्हा कच्चा डेटा देणारी प्रयोगशाळा कदाचित अस्तित्वात नसेल. त्याची एक प्रत आजच कुटुंबाकडे ठेवा.